पाटीवरचा पाय आणि पंचांचा डोळा

नागपूर : 'पाय सुटला, पाय सुटला!' आट्यापाट्यांच्या मैदानाभोवती उभ्या असलेल्या प्रेक्षकांतून हा पुकारा उठला नाही, असा सामना विदर्भात क्वचितच होत असेल. गड्याला हात लागला याबद्दल सहसा दुमत नसते. स्पर्श झालेला असतो, तो दहा जणांनी पाहिलेला असतो, कधीकधी पाठीवर बसलेल्या थापेचा आवाजही ऐकू आलेला असतो. वाद असतो तो त्या क्षणी पाटी धरणाऱ्याचा पाय नेमका कोठे होता, याचा. पाय पाटीच्या आत असेल तर गडी बाद. रेषेबाहेर पडला असेल तर तो स्पर्श व्यर्थ. याचा निवाडा पंचांनी करावयाचा आणि तोही डोळ्याचे पाते लवते न लवते तोच.

रक्षकाला त्याच्या जागेशी बांधून ठेवणारा हा नियम आट्यापाट्यांपुरता मर्यादित नाही. खो-खोतील बसलेला गडी, पेनल्टीच्या वेळचा फुटबॉलचा गोलरक्षक, क्रिकेटमधील यष्टिरक्षक आणि ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये 'मार्क'वर उभा राहणारा खेळाडू, हे सारे एकाच कुळातले बंदिवान होत. ऑस्ट्रेलियातील त्या खेळात २०२१ मध्ये हा नियम अतिशय कडक करण्यात आला आणि तेथे त्यावरून मोठा वादंग माजला. नागपूरकरांना तो वाद परका वाटू नये. भारतीय आट्यापाट्या महासंघाचे मुख्यालयच या शहरात आहे, आणि 'पाय कोठे होता' या प्रश्नाचे उत्तर देण्यात येथील पंचांच्या पिढ्या खर्ची पडल्या आहेत.

तेरा इंचांचे राज्य

आट्यापाट्यांचे मैदान ८९ फूट १ इंच लांब आणि २३ फूट १ इंच रुंद असते. या रुंदीवर एकामागोमाग एक अशा नऊ आडव्या पाट्या आखलेल्या असतात. पहिली कपाळपाटी, शेवटची लोणपाटी. प्रत्येक पाटीची रुंदी अवघी १३ इंच. या नऊही पाट्यांना मधोमध छेदत जाणारी उभी पाटी म्हणजे सूरपाटी. तिलाच मृदंग असेही नाव आहे. एका बाजूचे नऊ गडी पाट्या धरतात आणि दुसऱ्या बाजूचे नऊ गडी त्यांना हुलकावण्या देत पाट्या ओलांडतात. ओलांडलेल्या प्रत्येक पाटीमागे एक गुण. कपाळपाटी धरणारा गडी हाच सूर. त्याला उभ्या पाटीवरून मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत धावण्याची मुभा असते. इतरांना मात्र आपापली पाटी हेच जग.

या मोजमापांचे गणित मांडून पाहिले की खेळाचे मर्म ध्यानात येते. एका पाटीच्या कडेपासून पुढच्या पाटीच्या त्याच कडेपर्यंतचे अंतर ११ फूट. त्यातून पाटीची रुंदी वजा केली की दोन पाट्यांमधील मोकळी जागा ९ फूट ११ इंच भरते. या जागेच्या मध्यावर उभा असलेला गडी कोणत्याही पाटीपासून सुमारे पाच फूट दूर असतो. पाटीवर सरळ उभ्या असलेल्या माणसाचा हात तेथवर पोहोचत नाही. म्हणजे मध्यावरचा गडी सुरक्षित आहे; पण सुरक्षित राहून गुण मिळत नाहीत. गुण हवा असेल तर त्याला पाटी ओलांडावीच लागते आणि ती ओलांडताना तो हाताच्या टप्प्यात येतो. दुसरीकडे पाटी धरणाऱ्या एकट्याला २३ फुटांची रुंदी राखायची असते. तो डाव्या टोकाला असला तर उजवे टोक सताड उघडे. दोघांच्याही अडचणी अशा तोलून ठेवलेल्या आहेत.

हा तोल टिकतो तो पायावरील बंधनामुळे. पाटी धरणाऱ्याला एक पाऊल पुढे टाकण्याची सवलत मिळाली तर मध्यावरची सुरक्षित जागा उरतच नाही. पाच फुटांचे अंतर एका झेपेत कापता येते. मग हुलकावणीला अर्थ राहत नाही आणि आट्यापाट्यांची साधी शिवाशिवी होते.

प्रौढ माणसाचे पाऊल साधारणतः दहा इंच लांबीचे असते. तेरा इंचांच्या पाटीत ते समोर तोंड करून ठेवले तर मागेपुढे मिळून जेमतेम तीन इंच शिल्लक उरतात. म्हणून अनुभवी पाटीवाला पावले तिरकी ठेवतो, गुडघे वाकवतो आणि खेकड्यासारखा आडवा सरकतो. नवशिक्याची चूक येथेच होते. समोरचा गडी उजवीकडे झुकतो, खांदा पुढे काढतो, जणू आता निघालाच असे भासवतो. नवशिका हात लांबवतो आणि हाताबरोबर शरीराचा भार पुढे जातो. भार पुढे गेला की टाच उचलली जाते, चवडा रेषेवरून घसरतो.

चतुर गडी पाटीवाल्याला चुकीच्या बाजूला पाठवून पलीकडे जातो, हे सर्वांना दिसते. परंतु त्याच्या झुकांडीचा दुसराही एक हेतू असतो, तो फार थोड्यांच्या लक्षात येतो. पाटीवाल्याला पुढे ओढायचे, इतके की हात लागला तरी पाय बाहेर असावा. अशा वेळी गडी शिवला जाऊनही जिवंत राहतो. अर्थात ही चाल पूर्णपणे पंचांच्या भरवशावर खेळली जाते. पंचांनी पाय पाहिला तर ती चाल. न पाहिला तर आत्मघात.

दोन ठिकाणी एकच नजर

पंचांची अडचण उघड आहे. हात खांद्याच्या उंचीवर, पाय जमिनीवर, आणि निर्णयासाठी दोन्ही एकाच क्षणी पाहणे आवश्यक. मानवी डोळ्याला ते साधत नाही. स्पर्श पुष्कळदा ऐकू येतो, शिवल्या गेलेल्या गड्याच्या देहबोलीतून उमगतो. पाय सुटल्याचा मात्र आवाज होत नाही. तो दिसला तरच कळतो. त्यामुळे नजर खाली ठेवून पायावर लक्ष द्यावे आणि स्पर्शाचा अंदाज नजरेच्या कडेने घ्यावा, हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. प्रेक्षक नेमके उलट करतात. ते हात पाहतात, आणि पंच भलतीकडेच पाहत होते, असा ठपका ठेवून मोकळे होतात.

भरीस भर म्हणून रेषाच पुसट होतात. नऊ आडव्या पाट्यांच्या दोन-दोन कडा आणि सूरपाटीच्या दोन कडा मिळून मैदानावर साडेपाचशे फुटांहून अधिक लांबीची रेघ आखावी लागते. मुरमाच्या किंवा मातीच्या मैदानावर ती फक्कीने मारलेली असते. ज्या ठिकाणी पाटीवाला सर्वाधिक वावरतो, त्याच ठिकाणची फक्की त्याच्याच पायांनी सर्वांत आधी उडते. सात मिनिटांचा डाव रंगात येईपर्यंत सूरपाटीजवळच्या रेषा कित्येकदा केवळ पांढुरक्या डागांच्या स्वरूपात उरतात. ज्या रेषेवर निर्णय अवलंबून, तीच रेषा पंचांना मनातल्या मनात पुन्हा आखावी लागते. मैदानावरील रोषाचा बराचसा भाग पंचांच्या नव्हे, फक्कीच्या वाट्याला जायला हवा.

सूर या गड्याच्या बाबतीत तर गुंतागुंत आणखी वाढते. तो उभ्या पाटीवरून वेगाने धावत येतो, समोरून आडव्या पाटीचा गडी दार अडवतो आणि चौकात सापडलेल्या प्रतिस्पर्ध्याची कोंडी होते. धावणाऱ्या माणसाने १३ इंचांच्या पट्ट्यातच पावले टाकावीत, ही अपेक्षा कठोर खरी. पण कोंडीचे सामर्थ्यही तेवढेच मोठे आहे. त्या सामर्थ्याची किंमत म्हणूनच सूरपाटीची अरुंदी ठेवली गेली असावी, असे खेळ पाहताना वाटते.

नियम कागदावर कधी आले

आट्यापाट्या गावोगाव खेळल्या जात होत्या तेव्हा नियमही गावोगावचे होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने देशी खेळांना बांधीव रूप देण्याचा प्रयत्न केला. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३५ मध्ये आट्यापाट्या आणि खो-खो या दोन खेळांच्या नियमांची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. विदर्भात अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून देशी व्यायामाची परंपरा रुजवली होती. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकेही सादर केली. १९८० च्या दशकात आट्यापाट्यांचा राष्ट्रीय संसार नागपुरात थाटला गेला, यामागे ही पार्श्वभूमी आहे.

मात्र हा खेळ केवळ महाराष्ट्राचा आहे, असा समज असेल तर तो सोडून द्यावा लागेल. तामिळनाडूत 'किळित्तट्टु', बांगलादेशात 'दाडियाबांधा', इंडोनेशियात 'गोबाक सोडोर' आणि फिलिपीन्समध्ये 'पातिंतेरो' या नावांनी रेषांवर उभे राहून वाट अडवण्याचे खेळ खेळले जातात. पातिंतेरोमध्ये मधल्या उभ्या रेषेवरून फिरण्याची मुभा असलेला एक खास गडी असतो; आपल्या सुराचा तो सख्खा भाऊच. रस्त्यावर पाण्याची धार सोडून रेषा आखण्याची पद्धत तेथे आहे. ऊन तापले की रेषा वाळते आणि भांडण सुरू होते. फक्की असो वा पाणी, तक्रार तीच.

'खो' मिळेपर्यंत

आट्यापाट्यांबरोबर ज्याचे नियम कागदावर आले, त्या खो-खोनेही पाटी हा शब्द उचलला. तेथे मध्यपाटी आणि आडव्या पाट्या असतात. मध्यपाटीवरील आठ चौकोनांत आक्रमक संघाचे आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात. नववा पाठलाग करतो. पाठलाग करणाऱ्याला मध्यपाटी ओलांडता येत नाही, घेतलेली दिशा मध्येच बदलता येत नाही. धावणारा मात्र बसलेल्यांच्या मधून मनसोक्त नागमोडी पळतो.

बसलेल्या गड्यावरील बंधन मार्कवरच्या खेळाडूशी अगदी जवळचे नाते सांगते. धावणारा हाताच्या अंतरावरून गेला तरी त्याने उठायचे नाही. पाठीमागून स्पर्श व्हावा, 'खो' हा शब्द स्पष्टपणे उच्चारला जावा आणि मगच त्याने उठावे. स्पर्शाआधी उठणे हा नियमभंग. पंचांनी शिट्टी वाजवली की पाठलाग करणाऱ्याला उलट दिशेने जाणे भाग पडते आणि नियमभंग करून मिळवलेला गडी बाद धरला जात नाही. सामन्यात दोन पंच मैदानाच्या दोन बाजूंना उभे असतात, त्यांच्यावर सरपंच असतो.

येथे आट्यापाट्यांपेक्षा एक मोठा फरक आहे. खो-खोतील बंधन एका शब्दाने सुटते. तो शब्द सहकाऱ्याने उच्चारायचा असतो आणि पंचांना तो ऐकू येतो. म्हणजे निर्णयाला डोळ्याबरोबर कानाचीही साक्ष मिळते. आट्यापाट्यांत पाटीवाल्याला मुक्त करणारा कोणताही शब्द नाही. डाव संपेपर्यंत तो बांधलेलाच. अलीकडच्या व्यावसायिक खो-खोने या बंधनाला थोडी ढील दिली. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगमध्ये 'वजीर' आला, ज्याला दोन्ही दिशांना धावण्याची मोकळीक आहे. दिल्लीत जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या पहिल्या विश्वचषकातही वजीर होता. त्या स्पर्धेत भारताने पुरुष आणि महिला अशी दोन्ही विजेतेपदे पटकावली. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. वजिरामुळे खेळ वेगवान झाला हे खरे, तथापि दिशेच्या बंधनातून निर्माण होणारी कोंडी काही अंशी सैल झाली, अशी जुन्या जाणकारांची खंतही समजण्यासारखी आहे.

मेलबर्नचा 'स्टँड'

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड हे नाव नागपूरच्या क्रिकेटरसिकाला जामठ्याइतकेच परिचित आहे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी तेथे सुरू होणाऱ्या कसोटीसाठी येथे पहाटे घड्याळाचे गजर लावले जातात. त्याच मैदानावर तेथील हिवाळ्यात ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळला जातो. हा योगायोग नव्हे. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे शरीर तयार राहावे, हा विचार टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ मध्ये मांडला आणि त्यातून हा खेळ आकाराला आला. म्हणूनच त्याचे मैदान आजही क्रिकेटसारखे लंबवर्तुळाकार असते. प्रत्येक संघात १८ खेळाडू असतात. मधल्या दोन खांबांमधून चेंडू लाथाडला की सहा गुण मिळतात.

किमान १५ मीटर अंतरावरून लाथाडलेला चेंडू मध्ये कोणाचा स्पर्श न होता झेलला की त्याला 'मार्क' म्हणतात. झेलणाऱ्याला बिनविरोध चेंडू मारण्याची संधी मिळते. ज्या जागी झेल घेतला, ती जागाही मार्कच. प्रतिस्पर्ध्यांपैकी एक जण त्या जागेवर येऊन उभा राहू शकतो, पण तिच्या पुढे येऊ शकत नाही. मे १८५९ मध्ये लिहिल्या गेलेल्या पहिल्या दहा नियमांतच ही तरतूद होती. आपला पाटीवाला आणि हा मार्कवरचा खेळाडू यांच्यात म्हणूनच फरक थोडा आणि साम्य अधिक. दोघेही वाट अडवतात, दोघांनाही पुढे पाऊल टाकता येत नाही.

कित्येक दशके या खेळाडूला मार्कच्या मागे राहून डावीकडे-उजवीकडे हलण्याची मोकळीक होती. पाटीवरून आडवे सरकावे तसे तो सरकत असे आणि मैदानाच्या मध्यभागी जाणारी तिरकी फेक अडवत असे. बचाव इतके बळकट झाले की गुणसंख्या रोडावू लागली, सामने कंटाळवाणे वाटू लागले. त्यावर उपाय म्हणून २०२१ च्या हंगामात ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगने नवा नियम आणला. पंच मोठ्याने 'स्टँड' असे म्हणतात. त्या क्षणापासून मार्कवरच्या खेळाडूने पुढेही जायचे नाही आणि बाजूलाही सरकायचे नाही. पंचांनी 'प्ले ऑन' म्हटल्यावरच त्याचे पाय मोकळे होतात. मध्ये हलला तर चेंडू ५० मीटर पुढे नेला जातो. एवढ्या अंतराने मैदानाच्या मध्यावरचा चेंडू गोलाच्या टप्प्यात येतो, आणि एका पावलाची किंमत सहा गुणांपर्यंत जाऊ शकते.

टीका व्हायची ती झालीच. खेळाडूंना पुतळे करून ठेवले, एका पावलासाठी ५० मीटर हा न्याय नव्हे, खेळ पंचांच्या हाती गेला, असे आक्षेप घेतले गेले. खेळाडूंनी पळवाटही शोधली. पंचांनी 'स्टँड' म्हणण्याआधीच मार्कपासून पाच मीटर मागे हटायचे. तेथे मनाप्रमाणे हालचाल करता येत असे. नियम जितका कडक, तितकी त्याच्या कडेची वाट अधिक वापरात येते, हे कोणत्याही खेळात दिसते. पंचांवरील भारही वाढत होता. २०२३ पासून मैदानावरील मुख्य पंचांची संख्या तीनवरून चार करण्यात आली.

परंतु या नियमातील एक गोष्ट आट्यापाट्यांच्या नियमकर्त्यांनी बारकाईने पाहावी अशी आहे. तेथील पंच शिक्षा करण्याआधी बोलतात. 'उभा राहा' हे सांगितले जाते, मग हलणाऱ्याला दंड होतो. बंधन सुरू कधी झाले आणि संपले कधी, हे दोन शब्दांनी मैदानावरील प्रत्येकाला कळते. आपल्याकडे पाटीवाल्याचा पाय सुटला हे त्याला स्वतःलाही स्पर्श रद्द झाल्यावरच समजते. तोवर तो सहकाऱ्यांना टाळ्या देत असतो. पाय सुटताक्षणी पंचांनी ठरलेला शब्द मोठ्याने उच्चारला, स्पर्श होवो अथवा न होवो, तर अर्धे वाद जागीच मिटतील. सात मिनिटांच्या डावात घसा बसेल, एवढाच तोटा.

एक पाय रेषेवर

कॅमेऱ्याने हा प्रश्न सुटेल काय? फुटबॉलचा अनुभव संमिश्र आहे. पेनल्टीच्या वेळी गोलरक्षकाने रेषा सोडू नये हा नियम जुना. पण तो सर्रास मोडला जाई आणि पंच कानाडोळा करीत. २०१९ मध्ये नियम सौम्य करून दोन्ही पायांऐवजी एका पायाचा काही भाग रेषेवर असला तरी चालेल, असे ठरले. त्याच वेळी व्हिडिओ पंचांची करडी नजर सुरू झाली. १९ जून २०१९ रोजी पॅरिसमध्ये महिला विश्वचषकात स्कॉटलंड अर्जेंटिनाविरुद्ध ३-० ने पुढे होता आणि सामना ३-२ वर आला. अखेरच्या क्षणांत गोलरक्षक ली अलेक्झांडरने पेनल्टी अडवली. परंतु तिने रेषा सोडल्याचे व्हिडिओत दिसले, पेनल्टी पुन्हा घेण्यात आली आणि सामना ३-३ असा संपला. स्कॉटलंड स्पर्धेबाहेर गेला. निर्णय नियमाप्रमाणे अचूक होता. तरीही दोन दिवसांतच पेनल्टी शूटआउटमध्ये रेषा सोडणाऱ्या गोलरक्षकाला पिवळे कार्ड दाखवण्याची तरतूद त्या स्पर्धेपुरती शिथिल करावी लागली. वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेला नियम एका दिवशी अक्षरशः राबवला की खेळच हादरतो.

क्रिकेटने अधिक शांतपणे वाट काढली. गोलंदाजाचा पुढचा पाय पाहायचा आणि लगेच नजर वर करून चेंडूचा टप्पा पाहायचा, ही कसरत पंच अनेक दशके करीत आले. पाटीच्या पंचांच्या कसरतीशी तिचे साम्य सांगायला नको. डिसेंबर २०१९ मधील भारत-वेस्ट इंडीज मालिकेत पायाचा नो-बॉल दूरचित्रवाणी पंचांनी देण्याची चाचणी झाली आणि २०२० पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत ही पद्धत रूढ होऊ लागली. मैदानावरील पंचांची नजर मोकळी झाली. यष्टिरक्षकाचे बंधन मात्र अजूनही मुख्यतः मैदानावरच राखले जाते. चेंडू फलंदाजाला वा बॅटला लागेपर्यंत अथवा यष्ट्यांपलीकडे जाईपर्यंत त्याने यष्ट्यांच्या मागेच राहिले पाहिजे, अन्यथा नो-बॉल. फलंदाज यष्टिचीत झाला की पडद्यावर यष्टिरक्षकाचे हातमोजे पुन्हापुन्हा तपासले जातात, ते याचमुळे.

आट्यापाट्यांत नऊ पाट्यांवर नऊ गड्यांचे पाय एकाच वेळी हलत असतात. एका कॅमेऱ्याने भागणार नाही. पण सूरपाटीच्या रेषेत दोन्ही टोकांना एकेक मोबाइल उंचावर बांधला तरी अंतिम सामन्यापुरती बरीचशी पावले टिपता येतील. खर्च नगण्य आहे. अडचण आहे ती खेळ थांबवून पाहायचे की नाही, ही. सात मिनिटांच्या डावात दोन मिनिटे चित्रफीत पाहण्यात गेली तर धापा टाकणाऱ्या गड्यांना फुकटची विश्रांती मिळेल.

एका पावलाचे मोल

हा सारा खटाटोप कशासाठी, असे वाटणाऱ्यांनी शासकीय नोकरभरतीच्या जाहिराती वाचाव्यात. केंद्र सरकारच्या सेवेत गुणवंत खेळाडूंच्या भरतीसाठी मान्य असलेल्या ४३ खेळांच्या यादीत आट्यापाट्यांचे नाव होते. २०२० मध्ये ही यादी ६३ खेळांपर्यंत वाढवण्यात आली. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. कोणता खेळ, कोणती स्पर्धा आणि कितवा क्रमांक पात्र ठरेल, हे शासन निर्णयांनी ठरते आणि प्रमाणपत्रांची पडताळणी क्रीडा विभागाकडून होते. पहिल्या तिघांत आलेला संघ आणि चौथा संघ यांच्यात गुणांचा फरक एकदोनचा असू शकतो. त्या प्रमाणपत्रावर ज्याची उमेदवारी उभी राहते, त्या वाडीतील किंवा वर्धेतील मुलासाठी पाटीवरचे तेरा इंच ही करमणुकीची बाब राहत नाही.

पडताळणी करणारा अधिकारी गुणतक्ता पाहतो. त्यात बाद झालेल्या गड्यांची आणि ओलांडलेल्या पाट्यांची नोंद असते. पाय सुटल्यामुळे कोणता स्पर्श रद्द ठरला, कितव्या पाटीवर, कितव्या मिनिटाला, याची नोंद ठेवली गेली तर तक्रारीला उत्तर देणे पंचांनाही सोपे जाईल आणि कोणाचा पाय वारंवार सुटतो हे प्रशिक्षकालाही कळेल. गुणलेखकाच्या तक्त्यात त्यासाठी एक रकाना वाढवावा लागेल, आणि दोन डावांच्या मध्यंतरात फक्कीची पिशवी घेऊन एका माणसाला मैदानात उतरावे लागेल.